‘इथे’ म्हणजे कुठे?

मी एक रेकॉर्डर बोलतोय. मुठीत मावणारा, आवाज टिपून ठेवणारा. सगळं आयुष्य दुसऱ्यांचं ऐकण्यात गेलं, त्यामुळे स्वतः बोलायची सवय नाही. कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला डोळे नाहीत. कोण गोरं, कोण सावळं, कुणी कसले कपडे घातले होते, ते मला विचारू नका. मी जे सांगणार आहे ते सगळं कानांनी कमावलेलं आहे. मी बंद असलो तरी मला ऐकू येतं, फक्त साठवून ठेवता येत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. एका बाईने मला तोंडाजवळ धरून ‘एक, दोन, तीन’ म्हटलं. मी तेच तिला म्हणून दाखवलं. ‘हा पास,’ असं म्हणून तिने मला खोक्यात सरकवलं. अशी आयुष्यातली पहिली परीक्षा मी निव्वळ पाठांतरावर पास झालो. पुढे विद्यापीठात गेल्यावर कळलं, की तिथेही बरेच जण याच रीतीने पास होतात.

माझा पहिला मालक बातमीदार होता. मुलाखती घ्यायला तो मला बरोबर न्यायचा. माणसं माझ्याशी मोठी गमतीने वागत. समोरचा छान गप्पा मारत असायचा, पण मालकाने माझं बटण दाबलं रे दाबलं, की तो खाकरायचा आणि एकदम छापील बोलू लागायचा. बटण बंद झालं की पुन्हा माणसात यायचा. खरी बातमी नेमकी त्यानंतरच बाहेर पडायची, आणि ती माझ्या पोटात कधीच नसायची.

मग सगळ्यांच्या फोनमध्येच रेकॉर्डर आला. मालकाने माझ्या बॅटऱ्या काढून घेतल्या आणि मला कपाटाच्या खणात ठेवलं. तिथे संपलेली पेनं होती, कुठल्या कुलुपांच्या आहेत हे कुणालाच ठाऊक नसलेल्या किल्ल्या होत्या, तुटक्या पट्ट्याचं घड्याळ होतं. मी कुरकुर केली नाही. खणातूनही घरातलं बोलणं ऐकू यायचं. त्या घरात सगळ्यात जास्त बोलायची ती मालकाची भाची.

तिला सगळे ‘घाई’ म्हणत. खरं नाव हजेरी घेणाऱ्यांपुरतं उरलं होतं. ती जन्मलीही म्हणे वेळेच्या आधीच. विद्यापीठात पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती, विषय अर्थशास्त्र. जिना चढताना तिची पावलं एकमेकांवर पडायची आणि बोलताना शब्द. वाक्य संपायच्या आत तिला पुढच्या वाक्याची ओढ लागायची. ‘अगं, श्वास घे,’ असं मामा तिला दर भेटीला सांगायचा.

तिचा अभ्यासही तसाच. वर्गात पडद्यावर जे दाखवलं जाई त्याचा ती फोनने फोटो काढायची, आणि फोटो काढला की अभ्यास झाला, असं समजून मोकळी व्हायची. परीक्षा जवळ आली की फोनमधल्या हुशार यंत्राला सांगायची, ‘या धड्याचा सारांश दे.’ तो लांब वाटला की म्हणायची, ‘आणखी थोडक्यात.’ अशा रीतीने एकेक धडा तिने चहाच्या कपात मावेल इतका करून ठेवला होता. गुणही बरे मिळायचे. त्यामुळे काही बिघडतंय असं तिला कधी वाटलं नाही.

एका दुपारी ती मामाकडे आली आणि चप्पल काढता काढताच बोलू लागली.

‘मामा, तुझ्याकडे रेकॉर्डर होता ना? अजून आहे?’

‘असेल खणात. तुला कशाला? तुझ्या फोनमध्ये सगळं जग आहे ना.’

‘जग आहे म्हणूनच जागा नाही. चौदा हजार फोटो आहेत त्यात. आणि मधेच टिंग वाजतं. ती ओरडते.’

‘ती कोण?’

‘वकील.’

मग तिने सांगितलेली हकीकत मी खणातूनच ऐकली. आठवड्यापूर्वी एकदा नेहमीप्रमाणे तिला वर्गाला उशीर झाला होता. वर्गात जागा उरली होती ती फक्त पहिल्या बाकावर, एका मुलीशेजारी. त्या मुलीला लहानपणापासून दिसत नव्हतं. वर्गात तिला ‘वकील’ म्हणत, कारण कुणी नुसतं ‘आज उकडतंय’ म्हटलं तरी ती विचारायची, ‘कशावरून?’

त्या दिवशी मॅडम पडद्यावर आलेख दाखवत होत्या. ‘ही रेघ इथून निघते, इथे खाली येते आणि मग इथून पुन्हा वर जाते. कळलं?’

वकील म्हणाली, ‘मॅडम, इथे म्हणजे कुठे?’

वर्ग हसला. मॅडमही ओशाळून हसल्या. ‘अगं हो, तुझं राहिलंच. तास संपल्यावर ये, सांगते.’ पण तास संपल्यावर त्यांना मीटिंग होती. रोजच काही ना काही असायचं.

घाईला राहवलं नाही. तिने वकीलच्या कानात भराभर सांगायला सुरुवात केली, ‘एक रेघ आहे, ती अशी येते, मग अशी जाते.’ वकील शांतपणे म्हणाली, ‘तुझा आवाज चांगला आहे, पण तू सांगितलंस ते मॅडमच्याच जातीचं झालं. अशी म्हणजे कशी? आता नको. घरी जाऊन, नीट पाहून, मला बोलून देशील का? पुस्तक मला वाचता येतं, आकृत्या तेवढ्या राहतात.’

मग घाईने फोनवर बोलून पाहिलं, तर मधेच टिंग वाजायचं आणि वकील ओरडायची. मामाने ऐकून घेतलं, खण उघडला, मला बाहेर काढलं आणि शर्टाला पुसलं. मग घाईबरोबर जाऊन नव्या बॅटऱ्या आणल्या. पोटात पुन्हा धुगधुगी आली तेव्हा मला किती बरं वाटलं, हे मला सांगता येणार नाही.

वकील विद्यापीठाच्या वसतिगृहात राहायची. तिच्या हातात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिने मला सगळीकडून चाचपून पाहिलं. प्रत्येक बटणावरून अंगठा फिरवला. ‘हे सुरू, हे बंद, हे मागे. छान आहे. याला नाक-डोळे आहेत. फोन म्हणजे नुसती काच.’ मला कुणी नाक-डोळे असल्याचं सांगितलं ते तेव्हाच.

तिच्या खोलीत एक लॅपटॉप होता आणि तो तिला पुस्तकं वाचून दाखवायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्याचं यंत्र बिघडलंय. इतक्या वेगाने वाचायचा, की मला एक शब्द टिपता येईना. वकील मात्र पायाने ठेका धरत निवांत ऐकायची आणि मधेच म्हणायची, ‘हे चुकीचं लिहिलंय.’ घाईपेक्षा वेगाने बोलणारं कुणीतरी जगात आहे, हे मला त्या खोलीत कळलं. पण आकृती आली की तो लॅपटॉप फक्त ‘चित्र’ म्हणायचा आणि पुढे निघून जायचा. एखाद्या बंद दारावरची पाटी वाचावी, तसं.

घाईने मला दिलेलं पहिलं बोलणं मला अजून पाठ आहे. धापा टाकत बोलली होती. ‘मागणीची रेघ वरून खाली येते. पुरवठ्याची खालून वर जाते. दोघी मधे भेटतात. झालं.’ वकीलने ते ऐकून माझ्यातच उत्तर भरून पाठवलं. ‘कशाच्या वर? कशाच्या खाली? उभ्या रेघेवर काय मोजलंय, आडव्या रेघेवर काय? भेटतात तिथे काय होतं? आणि झालं म्हणजे काय झालं?’

घाईने ते बसथांब्यावर ऐकलं आणि तिचं बोलणं चक्क बंद पडलं. मग ती स्वतःशीच पुटपुटली, ‘आडव्या रेघेवर काय असतं कोण जाणे.’ शाळेपासून ती आकृती तिने कितीतरी वेळा काढली होती. गुणही मिळवले होते.

तिथून पुढे ती पुस्तक उघडून बसू लागली. आधी आकृतीकडे पाहायची, मग पुस्तक मिटून ती सांगून बघायची, नाही जमलं की पुन्हा पाहायची. हळूहळू तिचं सांगणं बदललं. ‘बोट टेबलावर डाव्या, वरच्या कोपऱ्यात ठेव. ही किंमत जास्त असलेली जागा. आता बोट उजवीकडे ने आणि नेता नेता खाली येऊ दे. किंमत उतरतेय, तशी लोक वस्तू जास्त घेताहेत.’ वकील ते ऐकताना टेबलावर बोट फिरवायची. त्याची बारीक खरखर मला ऐकू यायची. खरखर मधेच थांबली, की मला कळायचं, आता प्रश्न येणार. पुढे पुढे कधी कधी घाई तिच्यासमोर बसूनच माझ्यात बोलायची.

मधे एकदा घाई फार खुशीत आली. फोनवर एक नवीन ॲप आलं होतं, चित्र दाखवलं की त्याचं वर्णन करून सांगणारं. ‘आता माझी सुटका,’ म्हणाली. दोघी वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसल्या. घाईने पुस्तकातल्या आकृतीचा फोटो काढला. ॲप गोड आवाजात म्हणालं, ‘पांढऱ्या पार्श्वभूमीवर दोन रेघा एकमेकींना छेदत आहेत. एक निळी आहे, एक लाल. खाली काही अक्षरे आहेत.’

‘अगदी मोलाची माहिती,’ वकील म्हणाली. ‘विचार त्याला, आडव्या रेघेवर काय आहे?’

‘किंमत,’ ॲप म्हणालं.

‘नक्की?’

ॲपने माफी मागितली आणि ‘नग, म्हणजे वस्तूंची संख्या,’ असं बरोबर सांगितलं.

‘नक्की?’

ॲपने पुन्हा माफी मागितली आणि पुन्हा ‘किंमत’ म्हणालं.

दोघी इतक्या हसल्या, की वाचनालयातून कुणीतरी येऊन शांत राहायला सांगून गेलं. हसू ओसरल्यावर घाई म्हणाली, ‘अगदीच बिनकामाचं आहे.’

‘नावं ठेवू नकोस,’ वकील म्हणाली. ‘ही यंत्रं नसती तर मी एकेका पुस्तकासाठी कुणाच्या तरी पाया पडत फिरले असते. आज बिनकामाचं आहे, पुढच्या वर्षी शिकेल.’

‘मग माझं काय?’

‘तूही शीक की. तुझं आत्ता एवढंच बरं आहे, की चुकलीस तर तुझा आवाज बारीक होतो. त्याचा होत नाही.’

असे दिवस मजेत चालले होते. मी एकीच्या पिशवीतून दुसरीच्या पिशवीत जात होतो. उपाहारगृहातला कपबशांचा आवाज, तासाच्या मधल्या सुट्टीतला गलका, गॅलरीत फोनवर भांडणारं आणि मग समेट करणारं कुणीतरी, सगळं कानावर पडत होतं. वर्गात मुलं बसलेली असत आणि बोटं फोनवर चालत असत. ती टकटक मॅडमना ऐकू येत नसावी, मला येत होती.

आणि मग परीक्षेचे नियम आले.

मॅडमनी वकीलला विभागात बोलावलं. ती घाईला घेऊन गेली. मी घाईच्या हातात होतो. मॅडम प्रेमाने म्हणाल्या, ‘तुझी काळजी करू नकोस. उत्तरं लिहायला लेखनिक मिळेल. आणि आकृतीचे प्रश्न तुला माफ आहेत. त्याऐवजी दोन टिपा लिही.’

‘माफ?’ वकील म्हणाली. ‘मी काय गुन्हा केलाय, मॅडम?’

‘अगं, तुझ्या सोयीसाठीच आहे ते.’

‘माझी सोय मला कुणी विचारली नाही. मला आकृत्या येतात.’

मॅडम म्हणाल्या, ‘येतात म्हणजे कशा? काढशील कशी?’

‘मी सांगेन, लेखनिक काढेल.’

‘त्याला विषय येत असेल तर तो स्वतःच्या मनाने बरोबर काढेल. मग ते गुण कुणाचे? आणि येत नसेल तर चुकीचं काढेल. तेव्हा तू कुणाला धरशील?’

मॅडमचं बोलणं वावगं नव्हतं. वकीललाही ते पटलं असावं, कारण ती वाद घालायच्या ऐवजी म्हणाली, ‘मग पाहा करून. वर्गात, सगळ्यांसमोर. ज्याला आपल्या विषयातलं अक्षर येत नाही असा कुणीही आणा. मी सांगते, तो फळ्यावर काढेल. आकृती तुम्ही निवडा.’

‘ठीक आहे,’ मॅडम म्हणाल्या. ‘सोमवारी. खर्चाच्या रेघा घेऊ.’

बाहेर आल्यावर घाई म्हणाली, ‘तू वेडी आहेस का? दोन टिपा लिहून सुटली असतीस.’

वकील चालता चालता थांबली. तिची काठी फरशीवर टेकल्याचा आवाज आला. ‘मला पुढे यातच शिकायचंय. आकृत्या माफ झालेली म्हणून मला कोण पुढे घेईल? आणि सोमवारी जमलं नाही, तर माझ्यामागून जी येईल तिलाही हेच सांगतील, की मागे एकीने करून पाहिलं होतं, नाही जमलं.’ तिची काठी पुन्हा फरशीवर वाजली. ‘म्हणून मला भीती वाटतेय. तू उगाच वाढवू नकोस.’

खर्चाच्या रेघांबद्दल तुम्हाला थोडं सांगायला हवं. एक रेघ सरासरी खर्चाची. कारखान्यात वस्तू जास्त बनवत गेलं की एकेका वस्तूमागचा खर्च आधी उतरतो आणि मग चढतो, म्हणून ही रेघ वाटीसारखी दिसते म्हणे. दुसरी रेघ, आणखी एक वस्तू बनवायला जो जादा खर्च येतो त्याची. ही दुसरी रेघ पहिलीला नेमकी वाटीच्या तळाशी कापते. या आकृतीचं वर्णन घाईने मला बऱ्याच दिवसांपूर्वी दिलं होतं, आणि वकीलने ते पुन्हा पुन्हा ऐकलं होतं.

शनिवारी घाई वाचनालयात बसली. तिच्या मनात आलं, आपण सांगितलेलं एकदा आपणच तपासू. तिने मला कानाला लावलं, पुस्तक मिटलं, आणि स्वतःच्याच आवाजाप्रमाणे कागदावर आकृती काढत गेली. पेन्सिल चालल्याचा आवाज येत होता. मग पुस्तक उघडल्याचा आला. मग काहीच नाही.

मला तिच्या आवाजातलं ते वाक्य पाठ होतं. ‘ही रेघ वाटीला तळाच्या थोडं उजवीकडे कापते.’ थोडं उजवीकडे. घाईघाईत बोलून गेली होती.

तिने मला मुठीत धरलं आणि ती धावत सुटली. वाचनालयाचा जिना, रस्ता, खडी, वसतिगृहाचं फाटक. वकील व्हरांड्यातल्या नळावर पाण्याची बाटली भरत होती. घाईला बोलवेना.

‘श्वास घे,’ वकील म्हणाली.

‘मी तुला चुकीचं सांगितलंय. खर्चाची आकृती. तळाच्या उजवीकडे म्हटलं होतं, तसं नाहीये. तळाशीच कापते. अगदी तळाशी. तू इतके दिवस चुकीचं पाठ करतेयस, आणि परवा सोमवार आहे.’ तिने नाक ओढलं. ‘आपण मॅडमना सांगू. दुसरी आकृती मागू.’

नळ बंद झाल्याचा आवाज आला. वकील म्हणाली, ‘मला माहीत होतं.’

‘काय?’

‘ऐकलं त्याच दिवशी खटकलं. असं बघ. तुझी सरासरी साठ गुणांची आहे. नवीन पेपरात पन्नास पडले, तर सरासरी वर जाईल का?’

‘नाही. खालीच येईल.’

‘नवा पेपर जोवर सरासरीपेक्षा कमी आहे, तोवर सरासरी उतरणार. जास्त झाला की चढणार. मग उतरणं संपून चढणं सुरू होतं ती जागा कुठली?’

घाई हळूहळू म्हणाली, ‘जिथे दोन्ही सारखे होतात.’

‘म्हणजे वाटीचा तळ. तिथेच कापायला हवी. तुझं ते थोडं उजवीकडे हिशोबातच बसेना.’

घाई पायरीवर बसली असावी, कारण तिचा आवाज खालून आला. ‘मग मला सांगितलं का नाहीस?’

‘म्हटलं, बघू तुझं तुला कधी कळतंय.’ बाटलीचं झाकण फिरलं. ‘खरं सांगू? कळेल असं वाटलं नव्हतं. तू परत जाऊन ऐकशील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.’

बोलायचं असून घाई गप्प बसल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

सोमवारी वर्ग गच्च भरला होता. इतर वर्गातली मुलंही येऊन मागे उभी राहिली होती. बाकं सरकवल्याचे आवाज थांबत नव्हते. विषय न येणारा माणूस म्हणून मॅडमनी खेळाच्या सरांना आणलं होतं. ते चालताना त्यांच्या गळ्यातली शिट्टी बटणांवर वाजायची. ‘मला अर्थशास्त्रातलं इतकंच कळतं, की पगार वीस तारखेला संपतो,’ असं त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं. वर्ग हसला. मॅडमनी मला टेबलावर ठेवू दिलं आणि घाईने माझं बटण दाबलं.

वकील उभी राहिली. ‘सर, फळ्याच्या डाव्या बाजूला एक उभी रेघ काढा. तिच्या पायथ्यापासून उजवीकडे एक आडवी रेघ. उभ्या रेघेवर लिहा खर्च, आडवीवर लिहा नग.’

खडू चालू लागला. आता तिने सांगावं आणि खडूने ऐकावं, असं सुरू झालं. ‘उभ्या रेघेपासून वीतभर आत या. बरंच वर खडू टेकवा. आता उजवीकडे जाता जाता खाली उतरा, आधी चटकन, मग सावकाश. फळ्याच्या मध्यावर तळ येऊ दे. तिथून तसेच सावकाश वर चढा. वाटी झाली? तिच्यावर लिहा, सरासरी.’ खडूचा आवाज वाटीच्या तळाशी मऊ झाला आणि पुन्हा कडक. मग दुसरी रेघ सुरू झाली. खालून निघाली आणि वर गेली. खडू थांबला.

‘झाली,’ सर म्हणाले.

वर्गात कुजबुज उठली. ती कुजबुज मला कळत होती, तशी वकीललाही कळली असणार. काहीतरी चुकलं होतं. घाईने माझ्याशेजारी टेबलाची कड घट्ट धरली, लाकूड कुरकुरलं. तिच्या एका शब्दाने सगळं सावरलं असतं आणि सगळं फुकटही गेलं असतं. ती गप्प राहिली.

वकील म्हणाली, ‘सर, दुसरी रेघ वाटीला कुठे कापते?’

‘हे काय, इथे.’

वर्ग हसला, आणि या वेळी वकीलही हसली. ‘सर, इथे म्हणजे कुठे? वाटीच्या तळाशी, की तळाच्या अलीकडे, की पलीकडे?’

‘जरा पलीकडे. चार बोटं.’

‘मग पुसा. चार बोटं पलीकडे जायला तिला परवानगी नाही.’ आणि तिने सरांना कारण सांगितलं. या वेळी तिने पेपरचं उदाहरण घेतलं नाही. ‘तुमच्या संघाची सरासरी उंची समजा तुमच्याएवढी आहे. तुमच्यापेक्षा बुटका मुलगा संघात आला, तर सरासरी वाढेल का?’

‘कशी वाढेल? घटेल.’

‘आणि उंच आला तर?’

‘तर वाढेल.’ सर थांबले. मग खडू न वाजवता हळूच म्हणाले, ‘अच्छा. म्हणजे घटायची थांबून वाढायला लागते तिथेच हिने यायला पाहिजे. म्हणजे तळाला.’ फळा पुसल्याचा आवाज आला, आणि नवीन रेघ एका दमात वर गेली. ‘अहो मॅडम, हे मला कळलं की.’

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, ‘आम्हालाही आत्ताच कळलं.’ कुणी हसलं नाही, कारण ते बऱ्याच जणांचं खरं होतं.

मॅडम उठून फळ्यापाशी गेल्या. मग म्हणाल्या, ‘मी ही आकृती कितीतरी वर्षं शिकवतेय. पण कुणाला दाखवल्याशिवाय ती सांगता येते का, हे मी कधी करून पाहिलं नाही.’ आणि वकीलला म्हणाल्या, ‘परीक्षेत आकृत्या काढ. मी वर बोलते.’

त्या बोलल्या. अर्ज झाले, बैठका झाल्या, एकदा तर सगळं फिसकटतंय असं वाटलं, पण शेवटी परवानगी मिळाली. परीक्षेत वकीलने सगळ्या आकृत्या सांगून काढून घेतल्या. एक चुकली. ती प्रश्नच चुकीचा होता, असं तिचं अजूनही म्हणणं आहे, आणि त्यावर तिने पानभर लिहून ठेवलं होतं. तरी गुण चांगले पडले, आणि पुढच्या शिक्षणाला तिला त्याच विभागात प्रवेश मिळाला. घाईला तिच्याहून थोडे कमी पडले. त्याचा तिला राग आला नाही, उलट तिने मामाला फोन करून स्वतःचे सोडून आधी वकीलचे गुण सांगितले.

मॅडमच्या वर्गाची आता मजा झाली आहे. त्यांच्या तोंडून ‘इथे’ निघालं, की त्या थबकतात. ‘इथे, म्हणजे डावीकडे, वरच्या बाजूला, जिथे किंमत जास्त आहे तिथे.’ त्यामुळे तास लांबतो. मुलं कुरकुरतात. पण फोनवरची टकटक कमी झाली आहे, हे मी खात्रीने सांगतो. ऐकलं नाही तर काय चाललंय ते कळत नाही, कारण आता निम्मी आकृती मॅडमच्या बोलण्यात असते.

घाई नोकरी शोधतेय. दर आठवड्याला वकीलकडे येते. तिचं नाव अजून घाईच आहे. मी मात्र आता वकीलकडे राहतो. मामाने मला परत मागितलं नाही. वकील माझ्यात आकृत्या बोलून ठेवते, खालच्या वर्गातल्या मुलांसाठी. त्यात एका मुलाला दिसत नाही, बाकी सगळे चांगले डोळस आहेत. ती मुलं मला रांगेने मागून नेतात, ऐकतात आणि परत आणून देतात. एवढी मागणी मला बातमीदाराकडेही नव्हती.

माझं वय झालंय. मागे नेण्याचं बटण दोनदा दाबावं लागतं. बॅटरीचं झाकण चिकटपट्टीने धरून ठेवलंय. दुरुस्तीवाला म्हणाला, याचे सुटे भाग आता मिळत नाहीत. मला त्याचं दुःख नाही. बंद पडायचं ते कधीतरी पडेनच, आणि माझ्यापेक्षा चांगलं यंत्र माझ्या जागी येईल, त्यात वाईट काय आहे.

माझी एकच विनंती आहे. मला टाकून देण्याआधी माझ्या पोटातलं सगळं उतरवून घ्या, आणि कधी सवड मिळाली तर सुरुवातीपासून ओळीने ऐका. अर्थशास्त्र नाही कळलं तरी चालेल. पहिल्या बोलण्यात तुम्हाला एका मुलीची नुसती धाप ऐकू येईल. मग ती कुठे कुठे थांबायला लागेल. पुढे तर एका ठिकाणी ती इतका वेळ गप्प आहे, की तुम्हाला वाटेल, मी बिघडलोय. मी बिघडलेलो नाही. समोरची तिच्या सांगण्याप्रमाणे टेबलावर बोट फिरवतेय, आणि ती तिची वाट पाहतेय.